उद्यानविद्येच्या वर्गात देशी झाडे आणि स्थानिक परिसंस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील उद्यानविद्या महाविद्यालये, कृषी तंत्र विद्यालये आणि माळी प्रशिक्षण वर्गांत शिकवणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे प्रात्यक्षिकाला उपयोगी पडावीत अशा बेताने लिहिली आहेत.

देशी झाड म्हणजे नेमके कोणते? चिंच देशी धरायची का?

सुरुवात देशापासून नको, तालुक्यापासून करा. दापोलीला वर्षाकाठी ३,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, राहुरीला जेमतेम ५०० ते ६००. दापोलीच्या जांभ्यावर सुखाने वाढणारी सुरंगी राहुरीच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तग धरत नाही आणि राहुरीकडच्या हिवराला कोकणातला पाऊस मानवत नाही. दोन्ही झाडे भारतीयच. पण ‘भारतीय’ एवढे कळून माळ्याला खड्डा कुठे घ्यायचा ते कळत नाही.

चिंच मूळची आफ्रिकेतली, पण फार जुन्या काळापासून इथे रुळलेली. पेरू, सीताफळ, काजू, पपई अमेरिका खंडातून आली, गुलमोहर मादागास्करचा. परदेशी म्हणजे वाईट, असे मात्र शिकवू नका. चिकू आणि पेरू काढून टाकले तर निम्मा अभ्यासक्रम रिकामा होईल. विद्यार्थ्याने प्रत्येक झाडाबाबत दोन प्रश्न विचारायला शिकावे: हे इथे आपोआप रुजते का? आणि रुजल्यावर दुसऱ्याची जागा बळकावते का? गुलमोहर शोभेपुरता राहतो. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ आणि गाजरगवत पसरतात. हा फरक कळला की यादी पाठ करावी लागत नाही.

फळबाग शिकायला आलेल्या मुलांना रानझाडे कशाला?

कारण त्यांच्या कलमांचे खुंट, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात ती रोपे, रानातूनच येतात. चिकूचे कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात. खिरणीचे रोप हळू वाढते, कलमाजोगी जाडी यायला बऱ्याचदा दीड-दोन वर्षे जातात. त्यामुळे बी कुठून आणि कधी आणायचे हे ज्याला माहीत नाही त्याची रोपवाटिका दोन वर्षे मागे पडते. चांगल्या बोराचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, रानबोराच्या खुंटावर भरतात. कोकणातले कोय कलम रायवळ आंब्याच्या कोयीवर उभे असते.

कोकम तर सह्याद्रीचेच झाड. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळते पाच-सात वर्षांनी, फुले आल्यावर. म्हणून मादी झाडाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या लाकडावरचे कलम, करतात. इथेही एक गोम आहे: आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम झुडपासारखे पसरते, सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तर झाड उंच चढते. कोकमाचा स्वभाव रानात जाऊन पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे एकदा सांगितले की पुरते.

परागीभवन हा दुसरा धागा. सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत पोळे करते आणि तिला वर्षभर फुलोरा लागतो. डाळिंबाचा किंवा आंब्याचा बहर काही आठवड्यांचा असतो. बाकीचे महिने ती जांभूळ, करंज, हिरडा आणि बांधावरच्या रानफुलांवर जगते. बांध साफ केला की बागेतल्या माश्याही घटतात.

सत्राचे वेळापत्रक आणि झाडांचे वेळापत्रक जुळत नाही. काय करावे?

देशी झाडांचा विषय सर्वांत जास्त याच ठिकाणी कोलमडतो. बहुतेक झाडांचे बी एप्रिल ते जून या काळात तयार होते आणि नेमकी तेव्हाच सुट्टी किंवा परीक्षा असते. जुलैत वर्ग भरतो तोवर पळसाच्या पापड्या वाऱ्याने गेलेल्या असतात, करंजाच्या शेंगा झाडून टाकलेल्या असतात आणि मोहाचे बी मेलेले असते. मग विक्रेत्याकडून कसलेतरी जुने बी येते, उगवत नाही आणि ‘देशी झाडे अवघड’ असा समज होतो.

उपाय एकच: प्रात्यक्षिके झाडांच्या वेळेवर बसवा.

जून-जुलै: जांभूळ, मोह, कडुनिंब यांचे ताजे बी लगेच पेरणे. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीतून काय काय आपोआप उगवते त्याची नोंद.
ऑगस्ट-सप्टेंबर: तेरडा, कळलावी, सोनकी अशी हंगामी फुले, वेली. माती आणि निचऱ्याच्या चाचण्या.
ऑक्टोबर: गवते. ती तुऱ्यावर असतानाच ओळखता येतात, नंतर सगळी सारखी दिसतात.
डिसेंबर-जानेवारी: ताम्हणाची बोंडे उकलण्याआधी काढणे, पानगळीत सालीवरून ओळख.
फेब्रुवारी-मार्च: पळस, पांगारा, काटेसावर फुलांवर, कोणता पक्षी केव्हा येतो याची नोंद. हिरडा गोळा करणे.
एप्रिल-मे: बहावा, करंज, सावर, पळस, खिरणी यांचे बी.

एप्रिल-मेचे काम सुट्टीवर ढकलू नका. दोन-दोन विद्यार्थ्यांना एकेक झाड वाटून द्या. गावी गेलेल्याने गावाकडचे बी आणावे, कागदी पिशवीवर झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर बी घामेजते आणि बुरशी धरते.

बी पेरतो, पण उगवत नाही. कुठे चुकते?

देशी बियांचे दोन स्वभाव आधी शिकवा. काही बी वाळवून वर्षानुवर्षे राहते. काही बी वाळले की मेले. जांभूळ, कोकम, मोह दुसऱ्या प्रकारातले; कडुनिंबाचे बीही फार टिकत नाही, म्हणून ते यांच्याबरोबरच धरा. गर धुऊन, सावलीत फक्त वरचे पाणी निथळू देऊन शक्यतो आठवड्याच्या आत पेरा. जांभळाचे बी दोन-तीन आठवडे पडून राहिले की उगवण झपाट्याने उतरते. त्याच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात; जोमदार ठेवून बाकीचे कात्रीने कापा. उपटले तर ठेवलेल्याची मुळे दुखावतात.

टिकणाऱ्या बियांचा प्रश्न उलटा असतो, त्यांचे कवच पाणी आत घेत नाही. बहाव्याचे बी काँक्रीटच्या फरशीवर किंवा पॉलिश पेपरवर एका कडेला घासा, आतला फिकट थर दिसताच थांबा आणि २४ तास साध्या पाण्यात ठेवा. फुगलेले बी पेरा, न फुगलेले पुन्हा घासा. अंकुराच्या टोकाकडची बाजू घासू नका. तीव्र गंधकाम्ल वापरण्याची पद्धत आहे, पण वर्गात ती नको. घासण्याने तेच साधते आणि कोणाचा हात भाजत नाही. बाभूळ आणि हिवराला उकळलेले पाणी चालते: भांडे आचेवरून उतरवा, बियांच्या पाचपट पाणी ओता आणि त्यातच रात्रभर गार होऊ द्या. पाणी आचेवर असताना बी टाकले तर ते शिजते. शेळ्यांच्या वाड्यातले बाभळीचे बी मिळाले तर ही कसलीच प्रक्रिया लागत नाही, शेळीच्या पोटात ती झालेली असते.

हिरड्याची आठोळी जाड बाजूने थोडी छाटून ३६ तास पाण्यात ठेवतात. छाट खोल गेली की आतला गर्भ जातो. अर्जुनाची फळे ४८ तास भिजवा, पाणी दोनदा बदला. पळसाची पापडी सपाट पेरा, एका पापडीत एकच बी असते. करंजाला काही करावे लागत नाही, शेंग फोडून दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरा.

खोलीचा नियम साधा आहे: बीच्या जाडीच्या दीड-दोन पट. ताम्हण, उंबर, पिंपळ यांचे बारीक बी पुरायचे नाही. बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरा, गोणपाट झाका आणि खालून ओल द्या. झारीच्या धारेने ते वाहून जाते.

प्रत्येक गटाला किमान १०० बिया द्या. ५० प्रक्रिया केलेल्या, ५० तशाच. मोजणी दर आठवड्याला, दोन महिन्यांपर्यंत. हा तक्ता विद्यार्थ्याने स्वतः भरला की प्रक्रिया का करायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

एकाच झाडाचे बी गोळा केले तर चालेल का?

उगवेल, पण सगळी रोपे एकमेकांची भावंडे होतील. एखादा रोग आला की सगळी एकदमच बळी पडतात आणि पुढे त्यांचे आपसात परागीभवन झाले तर फळधारणा कमी होते. एका जातीसाठी १० ते १५ झाडे निवडा, शक्यतो एकमेकांपासून ५० मीटरहून लांब. एका झाडावरून पाचव्या हिश्श्याहून जास्त बी घेऊ नका. देवराईत जाणार असाल तर आधी गावाला विचारा. पुष्कळ देवरायांत पडलेले पानही उचलत नाहीत आणि ती रीत पाळणे हा परिसंस्थेच्या शिक्षणाचाच भाग आहे. राखीव जंगल आणि अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही तोडायचे वा उचलायचे नाही.

पिशवीत रोप उत्तम दिसते, लावल्यावर मात्र दोन वर्षे हलत नाही. का?

मूळ गुंडाळले गेले. देशी झाडांचे सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जाते. पळसाचे तर कोंबापेक्षा मूळ कितीतरी मोठे असते. ५ बाय ७ इंची पिशवीत ते तळाशी जाऊन चकरा मारते. ६ बाय ८ इंची पिशवीत एक पावसाळा, त्यापुढे ठेवायचे तर ८ बाय १२ इंची पिशवी. मिश्रण माती २, वाळू १, शेणखत १. काळी चिकण माती असेल तर वाळू दोन भाग घ्या. दर महिन्याला पिशव्या जागेवरून हलवा, म्हणजे मुळे जमिनीत घुसत नाहीत. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा, तळाचा गुंडाळलेला मुळांचा वेढा कापून टाका. हा वेढा विद्यार्थ्यांना कापून दाखवा, चित्र काढून सांगू नका.

ओळख शिकवताना दर वर्षी कुठे गोंधळ होतो?

ठरलेल्या जोड्यांत. म्हणून झाडे एकेकटी शिकवू नका, जोडीने शिकवा.

सीता अशोक आणि रस्त्याकडेचा उंच सरळ अशोक: पहिल्याचे पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक दले, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. दुसऱ्याचे पान साधे, कडा नागमोडी. दोघांचे कूळही वेगळे.

पळस आणि पांगारा: दोघांच्याही एका पानाला तीन दले. पळसाची दले जाड, चामड्यासारखी. पांगाऱ्याच्या सालीवर काटे आणि दलांच्या बुडाशी बारीक ग्रंथी.

ऐन आणि अर्जुन: ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सोडणारी. पानाच्या बुडाशी ग्रंथी दोघांनाही असतात, म्हणून नुसते पान आणून विचारू नका.

कदंब, कळंब आणि हेदू: तिघांची पाने समोरासमोर, तिघांची फुले चेंडूसारखी. कदंबाचा चेंडू मोठा आणि केशरी, कळंबाचा लहान आणि फिकट. हेदूचे पान हृदयाकृती, चेंडू पिवळसर.

मराठी नावे जिल्ह्यागणिक बदलतात. घाटावर ‘अंजनी’ म्हणजे निळ्या फुलांचे सदाहरित लहान झाड, खानदेशात ‘अंजन’ म्हणजे जोडपानांचा उंच वृक्ष. म्हणून शास्त्रीय नाव देवनागरीत का होईना, पण लिहून घ्याच: मेमेसायलॉन आणि हार्डविकिया.

फोटोवरून नाव सांगणारी मोबाइल अ‍ॅप पहिला अंदाज म्हणून वापरायला हरकत नाही. मात्र उत्तर स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने पानांची मांडणी, साल आणि फळ अशा तीन खुणा स्वतः लिहाव्यात.

परिसंस्था हा भाग फळ्यावरच राहतो. हाताने करता येईल असे काय आहे?

उंबरापासून सुरुवात करा. हे झाड जवळपास प्रत्येक आवारात सापडते. एकाच झाडावरून कच्ची, अर्धवट आणि पिकलेली अशी १० फळे घ्या, ब्लेडने उभी चिरा आणि १० पट भिंगाखाली पाहा. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. कच्च्या फळात मादी फुले, तोंडापाशी नर फुले, मधल्या टप्प्यातल्या फळात फुगलेल्या गाठी आणि त्यांत वाढणारी चिलटाएवढी गांधीलमाशी. नराला पंख नसतात, तो फळातच मरतो. पंखवाली मादी पराग घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या कोवळ्या उंबरात शिरते. या माशीवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून माशीची पुढची पिढी होत नाही. आवारात सरसकट कीटकनाशक मारले तर काय होईल, हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतात. एवढ्या कमी सामानात एवढे शिकवणारे दुसरे प्रात्यक्षिक आम्हाला माहीत नाही.

दुसरे काम चौकटींचे. दोरी आणि खिळ्यांनी १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. त्यात झाडे मोजा, जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर घ्या. आत ५ बाय ५ मध्ये झुडपे, १ बाय १ मध्ये रोपटी आणि गवत. एक चौकोन गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) किंवा सुबाभळीच्या लागवडीखाली, दुसरा जवळच्या जुन्या रानात. मोठ्या झाडांपेक्षा खाली रुजलेल्या रोपट्यांची तुलना महत्त्वाची, कारण वीस वर्षांनी तिथे काय असेल ते तिच्यातून कळते. खिळे कायमचे ठेवा, पुढच्या तुकडीने त्याच जागी मोजावे.

मातीसाठी सरळ बाटली तिसरा भाग मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर टाका, तीन मिनिटे हलवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा साधारण दोन तासांत. काळ्या मातीतली चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. निचऱ्यासाठी ३० सेंटिमीटरचा खड्डा एकदा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि जिरायला लागणारा वेळ मोजा. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस आला तर चुनखडी आहे. अशा जमिनीत कोकणातली झाडे लोहाअभावी पिवळी पडतात.

पावसाळ्यात हर्बेरियमची, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाची, पाने कुजतात. आणि एवढे नमुने तोडावेत का?

कुजतात कारण कागद बदलला जात नाही. पहिले पाच दिवस रोज, नंतर एकाआड एक दिवस कोरडा कागद घाला. मांसल देठ उभे चिरून दाबा. ओले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात.

प्रत्येकाने ५० नमुने आणायची सक्ती बंद करावी. वर्गाने मिळून ४० जातींचा एक नीट संच करावा, २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर. आजूबाजूला त्या जातीची वीस झाडे दिसली नाहीत तर नमुना घ्यायचा नाही, फोटो घ्यायचा. कंद आणि ऑर्किड कधीच उपटायचे नाहीत.

श्रमदानात माळरानावर झाडे लावली तर काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे भागातले माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे, ती गवताची स्वतंत्र परिसंस्था आहे. पाऊस कमी आणि खडकावर मातीचा थर पातळ. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी, अधूनमधून हिवर, बोर, हेकळ एवढेच शोभते. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल यांना मोकळी जागा लागते. नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य याच माळांवर आहे. दाट सावली केली की आधी गवत जाते, मग गवतावर जगणारे जीव आणि मेंढपाळाची चराईही.

विद्यार्थ्यांना ऑक्टोबरात तिथे न्या, एका चौरस मीटरमध्ये किती प्रकारची गवते आहेत ते मोजायला लावा. ज्याने ती मोजली तो त्या जागेला पडीक म्हणणार नाही.

घाणेरी आणि गाजरगवत काढायची योग्य पद्धत कोणती?

घाणेरी वरून कापली तर दुप्पट फुटते. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की कुदळीने मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप मुळासकट उलटे करून वाळू द्या. हिरवी फळे धरण्याआधी हे उरकावे. सगळे एकदम काढू नका, त्यात पक्ष्यांची घरटी असतात. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि रिकाम्या पट्ट्यात त्याच पावसाळ्यात मारवेल, करवंद, मुरुडशेंग लावा. मोकळी जागा घाणेरीच पुन्हा भरून काढते, म्हणून दोन वर्षे रोपटी उपटत राहावे लागते.

गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले. फुले येण्याआधी, हातमोजे आणि मुखपट्टी घालून उपटा. त्वचेची किंवा श्वासाची ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांना हे काम देऊ नका. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगेरे दिसतात. ते जैविक नियंत्रणासाठी सोडलेल्या किड्यांचे वंशज, त्यांना मारू नका.

आमच्याकडे जेमतेम एक गुंठा जागा आहे.

पुरेशी आहे, मोठी झाडे लावण्याचा मोह आवरला तर. वड, पिंपळ, सावर इथे नको. एक बहावा, एक सीता अशोक, भिंतीपासून ३ मीटर दूर. कुंपणाला दीड-दोन फुटांवर करवंद आणि अडुळसा. दोन कढीपत्ता, एक कागदी लिंबू, एक रुई, कुंपणावर सापसंदीचा वेल. कढीपत्त्यावर आणि लिंबावर मॉरमॉन फुलपाखरे अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर एमिग्रंट, सापसंदीवर क्रिमझन रोज. २ बाय २ मीटर गवत, एक मीटरचा चौकोन उघड्या मातीचा, कारण एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बीळ करतात. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग.

अळ्या पाने खाणारच. माळीकाकांना आधी नीट समजावून सांगा आणि पाटी लावा, नाहीतर एका फवारणीत वर्षाचे प्रात्यक्षिक संपते.

मियावाकी पद्धतीची दाट लागवड शिकवावी का?

शिकवावी, मर्यादांसह. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे, भरपूर सेंद्रिय खत, दोन-तीन वर्षे नियमित पाणी. जास्त पावसाच्या शहरी तुकड्यात हिरवा पडदा लवकर उभा राहतो. पर्जन्यछायेच्या प्रदेशात निसर्गतःच विरळ रान असते, तिथे पाणी बंद झाले की रोपे एकमेकांना उपाशी ठेवतात. माळरानावर तर नकोच.

देशी झाडाला पाणी लागत नाही, हे खरे का?

रुजल्यानंतर खरे. पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक रोपाला आठवड्यातून एकदा १० ते १५ लिटर पाणी द्या. रोज तांब्याभर ओतले तर मुळे वरच राहतात. बुंध्यापासून चार बोटे सोडून ८-१० सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. खोडाला टेकवले तर वाळवी चढते.

परीक्षा कशी घ्यावी?

फुललेली फांदी ठेवून नाव विचारणे सोपे आणि निरुपयोगी. माळ्याला झाड वर्षभर ओळखावे लागते. २० नमुने मांडा: पाच साली, पाच बिया, पाच दोन-पानी रोपे, पाच निष्पर्ण फांद्या. प्रत्येकासाठी नाव, ते कोणत्या जमिनीत आणि पावसात येते, आणि त्यावर जगणारा किमान एक जीव. पन्नासपैकी २० गुण यासाठी, २० स्वतः उगवलेल्या रोपांना आणि उगवणीच्या तक्त्याला, १० एकाच झाडाच्या वर्षभराच्या पंधरवडा-नोंदींना. रोपे मेली तरी ती का मेली हे तक्त्यावरून नीट सांगणाऱ्याचे गुण कापू नका. आणि नोंदवही तपासताना तारखांकडे लक्ष द्या: सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर विद्यार्थ्याला त्या झाडापाशी नेऊन तोंडी विचारा.